नव्या माशाचे वर्णन आणि निसटणारा रंग

नव्या सागरी माशाच्या शास्त्रीय वर्णनाला दोन अंगे असतात. एक मोजून सांगता येणारी शरीररचना आणि दुसरे डोळ्यांनी पाहिलेला रंग. शरीररचना टिकते. मद्यार्काच्या बरणीतल्या माशाचे काटे, खवले आणि दात दोनशे वर्षांनंतरही पुन्हा मोजता येतात. रंगाला तेवढा काळ मिळत नाही. मासा पाण्याबाहेर आला की तो उतरू लागतो. कोकणातल्या कोणत्याही बंदरावर हे रोज दिसते. जाळ्यातून नुकत्याच निघालेल्या बांगड्याच्या पाठीवरचे आडवे पट्टे सोनेरी झाक मारतात. तोच बांगडा टोपलीतून बाजारात पोचेपर्यंत पट्टे काळपट झालेले असतात. राणी माशाचा गुलाबी रंग आणि त्यावरच्या पिवळ्या रेघा बर्फात फिकटत जातात. गिऱ्हाइकाला कल्ला उघडून त्याची लाली दाखवणारी कोळीण ताजेपणाचा पुरावा म्हणून रंगच पुढे करते. माशांचे वर्णन करणाऱ्या अभ्यासकांचा गेल्या तीन शतकांचा उद्योग बऱ्याच अंशी याच रंगामागे धावण्याचा आहे.

रंग का जातो, हे माशाच्या कातडीत पाहावे लागते. तिथे रंगपेशींचे थर असतात. काळ्या पेशींत मेलॅनिन असते, तर लाल आणि पिवळ्या पेशींत मुख्यतः अन्नातून आलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये असतात. चंदेरी चकाकी मात्र रंगद्रव्याची नसते. ग्वानिन या पदार्थाच्या पातळ स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती उमटते, आणि माशांच्या अंगावरचा निळा रंगही बहुधा असाच उमटतो. जिवंत माशात ही द्रव्ये मज्जासंस्थेच्या आणि संप्रेरकांच्या ताब्यात असतात. पेशीभर पसरली की रंग गडद होतो, एका जागी गोळा झाली की फिकटतो. मरताना हा ताबा सुटतो आणि काही मिनिटांतच रंग पालटत जातात. रोमन मेजवान्यांत लाल मुलेट मासा काचेच्या भांड्यात मरताना पाहण्याचा शौक होता, त्याचा निषेध सेनेकाने पहिल्या शतकातच केला होता. पुढे मासा मद्यार्कात गेला की कॅरोटिनॉइडे विरघळून जातात. मेलॅनिन चिवट असल्याने टिकते. त्यामुळे बरणीतल्या माशावर काळे ठिपके आणि पट्टे दिसतात, बाकीचे अंग मळकट पिवळे किंवा तपकिरी होते.

शरीररचना मोजण्याची शिस्त घालून दिली ती पेटर आर्टेडी या स्वीडिश तरुणाने. तो कार्ल लिनियसचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. त्याच्या आधी माशांची वर्णने बहुधा चव, औषधी उपयोग आणि ऐकीव गोष्टी यांनी भरलेली असत. आर्टेडीने परांतील काटे आणि मऊ काड्या मोजल्या, कल्ल्याखालच्या पडद्यातील हाडे मोजली, शक्य तिथे मणकेही मोजले. प्रत्येक माशासाठी त्याच गोष्टी त्याच क्रमाने लिहिल्या. १७३५ साली तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्बर्टस सेबा या औषधविक्रेत्याच्या प्रचंड संग्रहातले मासे तपासत होता. सप्टेंबरातल्या एका रात्री सेबाच्या घरून परतताना तो कालव्यात पडून बुडाला. त्याचे वय तीस होते. त्याची हस्तलिखिते लिनियसने मिळवली आणि १७३८ मध्ये ‘इक्थिओलॉजिया’ या नावाने छापली. १७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली, आणि आजही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब त्याच वर्षापासून धरला जातो. लिनियसच्या त्या कामातला माशांचा भाग मुख्यतः आर्टेडीच्या मोजण्यावर उभा आहे. मत्स्यशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते, त्यात अतिशयोक्ती नाही.

आर्टेडीच्या पद्धतीत रंगाला दुय्यम जागा होती. सेबाच्या बरण्यांत रंग उरलेलाच नव्हता, तेव्हा याहून वेगळे होणे कठीण होते. त्याच काळात रंगाची दुसरी टोकाची गोष्टही घडली. १७१९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये लुई रनार याने ईस्ट इंडीजच्या माशांची चित्रे छापली. ती सॅम्युएल फालूर्स या चित्रकाराने मोलुक्का बेटांवरच्या आंबोन इथे काढलेली होती. त्यांत मासे पोपटी, शेंदरी, जांभळे, ठिपक्यांचे आणि चौकटींचे आहेत, एकाच्या अंगावर चंद्रसूर्यही आहेत. पुस्तकात जलपरीही आहे. तरीही यांतल्या बहुसंख्य माशांची जात आज ओळखता येते. आकार बऱ्यापैकी खरा होता, रंग मनचा भरला होता. युरोपातल्या वाचकाला खऱ्याखोट्याची पडताळणी करण्याचा मार्ग नव्हता, कारण खरा रंग हजारो मैलांवरच्या किनाऱ्यावर राहिला होता.

किनाऱ्यावर स्वतः जाऊन मासे पाहणाऱ्यांत पेटर फोर्सकोलचे काम मोठे आहे. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत होता. १७६२-६३ मध्ये त्याने तांबड्या समुद्राच्या काठी मासे गोळा केले, कोळ्यांकडून त्यांची अरबी नावे लिहून घेतली आणि ताज्या माशांचे रंग टिपून ठेवले. मासे टिकवण्याची त्याची रीत वनस्पतिशास्त्रातून आलेली होती. माशाच्या एका बाजूची कातडी परांसकट सोलून, वाळवून कागदावर चिकटवायची. ही युक्ती हॉलंडच्या ग्रोनोव्हियसने त्याआधी वापरली होती. मद्यार्काच्या जड बरण्या उंटावरून नेण्यापेक्षा ती कितीतरी सोयीची होती. जुलै १७६३ मध्ये फोर्सकोल येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने मेला. मोहिमेचा चित्रकार बाउरेनफाइंड मुंबईच्या वाटेवर जहाजातच गेला आणि वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला. एकटा कार्स्टेन नीबुर जिवंत घरी परतला आणि १७७५ साली त्याने मित्राची टिपणे छापली. फोर्सकोलने कोळ्यांचे शब्द लॅटिन नावांत तसेच घेतले होते. ‘बोहर’, ‘हराक’, ‘हरीद’ ही तांबड्या समुद्रावरची नावे आजही माशांच्या शास्त्रीय नावांत आहेत. ‘सिगॅनस’ आणि ‘अबुडेफडुफ’ ही कुळनामेही अरबीतूनच आली. वाळलेल्या कातड्या कोपनहेगनला जपून ठेवलेल्या आहेत. त्यांवर पर आणि खवले दिसतात. जिवंत माशाचा रंग मात्र फोर्सकोलच्या वाक्यांतूनच कळतो.

बर्लिनचा वैद्य मार्कस ब्लॉख याने घरी बसून मासे जमवले. १७८२ ते १७९५ या काळात त्याने चारशेहून अधिक रंगीत चित्रफलक असलेला ग्रंथ काढला. खवल्यांची चकाकी दाखवायला छापील चित्रांवर सोन्याचांदीचा मुलामा चढवला जाई. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतला मिशनरी क्रिस्टोफ योन त्याला कोरोमंडल किनाऱ्यावरचे मासे पाठवी. ढोमा ज्या गोत्रातला, त्यातल्या ‘जोनियस’ या कुळाचे नाव या योनवरूनच पडले आहे. पण मासे बर्लिनला पोचत ते मद्यार्कात बुडून. चित्रांतले रंग देखणे असले तरी परदेशी माशांच्या बाबतीत त्यांवर विसंबता येत नाही. हलव्याचे वर्णन ब्लॉखनेच प्रथम केले आणि त्याला ‘काळा’ या अर्थाचे ‘नायजर’ हे नाव दिले. ते नाव आजही चालते, याला एक कारण असे की काळा हा बरणीत टिकणारा रंग आहे.

याच सुमारास भारतीय किनाऱ्यावर एक काम झाले, ते आजच्या मानानेही आदर्श वाटावे असे आहे. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर अलेप्पोत अनेक वर्षे राहून १७८० नंतर विशाखापट्टणमला आला. ईस्ट इंडिया कंपनीने १७८५ मध्ये त्याला मद्रास इलाख्याचा निसर्गतज्ज्ञ नेमले. घोणस या सापाच्या शास्त्रीय नावात ‘रसेली’ आहे, तो हाच रसेल. त्याने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर उतरणारे मासे ताजे असतानाच पाहिले, इथल्याच चित्रकाराकडून त्यांची रेखाटने करून घेतली आणि १८०३ मध्ये दोनशे माशांचा द्विखंड ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केला. छापील चित्रे बिनरंगी होती, पण मजकुरात परांचे आकडे आहेत, दातांची मांडणी आहे, खवल्यांचा पोत आहे आणि ताज्या माशाचा रंगही आहे. प्रत्येक वर्णनाच्या डोक्यावर कोळ्यांनी सांगितलेले तेलुगू नाव आहे. नवी लॅटिन नावे ठेवण्याची घाई त्याने केली नाही. त्यामुळे पुढे पॅरिसमध्ये बसलेल्या प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने रसेलच्या चित्रांवरून नावे दिली. त्यांपैकी एक नाव मराठी घरात रोज शिजणाऱ्या माशाचे आहे. बांगड्याचे शास्त्रीय नाव ‘रॅस्ट्रेलिजर कानागुर्ता’. त्यातला ‘कानागुर्ता’ हा रसेलने लिहून घेतलेला विशाखापट्टणमच्या कोळ्यांचा शब्द आहे, आणि क्युव्हिएने १८१६ मध्ये तो जसाच्या तसा उचलला.

एका माशाचे वर्णन कसे असते ते बांगड्यावरूनच सांगता येईल. अंग चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. पाठीवर दोन पर, पहिला काट्यांचा आणि दुसरा मऊ. दुसऱ्या पाठपरामागे आणि त्याच्या खालच्या गुदपरामागे शेपटीपर्यंत पाच-पाच छोटे सुटे पर. तोंड उघडले की कल्ल्यांवरचे लांब, पिसासारखे दाते दिसतात. पाण्यातले प्लवक गाळून घेण्याची ती चाळणी आहे. छातीवरच्या पराच्या खालच्या कडेजवळ काळा ठिपका. पाठीच्या बाजूला आडवे बारीक गडद पट्टे, आणि लगेच पुढची नोंद अशी की ताज्या माशात ते सोनेरी असतात. ही शेवटची नोंद बरणीतल्या माशावरून कुणालाच करता आली नसती.

एकोणिसाव्या शतकात मासे मोजण्याचा पसारा अफाट वाढला. क्युव्हिए आणि व्हालांसिएन यांनी १८२८ ते १८४९ या काळात माशांवर बावीस खंड लिहिले. डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकरने बटाव्हियात राहून ईस्ट इंडीजचे मासे गोळा केले आणि पुढे ते रंगीत चित्रांसह मांडले. फ्रान्सिस डे याचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ मध्ये निघाला. कर्नल साइक्सने त्याआधीच, १८३९ च्या सुमारास, दख्खनच्या नद्यांतले मासे वर्णिताना ‘नुक्ता’, ‘कोळस’, ‘पोताईल’ असे मराठी शब्द लॅटिन नावांत घातले होते. गोड्या पाण्यातल्या त्या माशांची कथा वेगळी असली तरी रीत रसेलचीच होती. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम याला फॉर्माल्डिहाइडने ऊती घट्ट होतात असे आढळले आणि फॉर्मेलिन या धंद्यात आले. मासा आधी दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये मुरवायचा, मग धुऊन सत्तर टक्के मद्यार्कात ठेवायचा, ही रीत रूढ झाली. मोजमापांनाही पक्के नियम आले. माशाची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत धरायची, कारण शेपटीची टोके अनेकदा तुटलेली असतात. क्ष-किरणांमुळे मासा न चिरता मणके मोजता येऊ लागले. ज्या एका माशावर नाव टांगलेले असते तो प्ररूप-नमुना संग्रहालयात ठेवण्याचा दंडक पडला. वर्णनात रंगाचे दोन स्वतंत्र परिच्छेद लिहिण्याची प्रथाही रुळली. एक ‘जिवंतपणीचा रंग’, दुसरा ‘मद्यार्कातला रंग’. शास्त्राने रंगाचे जाणे मान्य केल्याची ती खूण आहे.

या सगळ्या शिस्तीची कसोटी १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत लागली. २२ डिसेंबरला ईस्ट लंडन बंदरात ‘नेरीन’ या ट्रॉलरने आणलेल्या माशांच्या ढिगात स्थानिक संग्रहालयाच्या तरुण प्रमुख मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एक निळा पर दिसला. खालून सुमारे दीड मीटर लांबीचा, ५७ किलोंहून जड मासा निघाला. त्याचा फिकट जांभळट निळा रंग आणि त्यावरच्या रुपेरी खुणा त्यांनी पाहिल्या. खवले चिलखतासारखे कडक होते, पर हातापायांसारख्या मांसल दांड्यांवर बसलेले होते आणि शेपटीच्या मधोमध एक छोटी जास्तीची शेपटी होती. उन्हाळ्याचे दिवस, नाताळची सुट्टी. एवढा मोठा मासा थंड ठेवायला शहरात कोणी जागा दिली नाही. थोड्याशा फॉर्मेलिनमध्ये भिजवलेल्या कापडात आणि वर्तमानपत्रांत तो गुंडाळला, पण आतून सडू लागला. शेवटी कातडी राखून मासा भरून घ्यावा लागला आणि आतडी, कल्ले वगैरे टाकून दिले गेले. काढलेली छायाचित्रेही खराब झाली. त्यांनी चित्र काढून पाठवलेले पत्र रसायनशास्त्राचे अध्यापक आणि मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना ३ जानेवारीला मिळाले. सांगाडा आणि कल्ले जपण्याची त्यांची तार पोचेपर्यंत उशीर झाला होता.

स्मिथ यांनी १६ फेब्रुवारी १९३९ ला मासा पाहिला तेव्हा निळा रंग जाऊन तो तपकिरी झाला होता. तरी खवले, परांच्या दांड्या, डोक्याची हाडे आणि शेपटी एवढ्यावरून त्यांनी निदान केले. हा सीलाकान्थ होता. या गटाचे जीवाश्मच ठाऊक होते आणि तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे मानले जाई. १८ मार्चला ‘नेचर’मध्ये वर्णन आले. कुळाचे नाव ‘लॅटिमेरिया’, शोधणाऱ्या बाईंवरून. जातीचे नाव ‘चालुम्नी’, ज्या नदीच्या मुखाजवळ मासा सापडला तिच्यावरून. पण शरीराच्या आतले काहीच हाती नव्हते. पुढची चौदा वर्षे स्मिथ दुसऱ्या माशाच्या शोधात राहिले, आणि त्यासाठी त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माशाचे चित्र आणि १०० पौंडांच्या इनामाची पत्रके वाटली.

दुसरा मासा डिसेंबर १९५२ मध्ये कोमोरो बेटांपैकी आंजुआनजवळ सापडला. तिथल्या कोळ्यांना तो अनोळखी नव्हता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत आणि अधूनमधून तो त्यांच्या गळाला लागे. एरिक हंट या व्यापारी जहाजाच्या कप्तानाने मासा मिठात घातला, मग मिळेल तेवढे फॉर्मेलिन टोचले. स्मिथ यांनी पंतप्रधान मलान यांना गळ घालून लष्करी डाकोटा विमान मिळवले आणि मासा आणला. या माशाला पुढचा पाठपर नव्हता, म्हणून त्यांनी ‘मलानिया आंजुआनी’ असे नवे कुळ आणि जात मांडली. नंतर कळले की तो पर दुखापतीने गेलेला होता आणि मासा लॅटिमेरियाच होता. एकाच नमुन्यावरून वर्णन करण्यातला धोका याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मिळणे कठीण. पुढे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिलो आणि आन्तोनी यांनी कोमोरोच्या माशांचे विच्छेदन करून तीन खंड लिहिले. पाठीच्या कण्याच्या जागी तेलाने भरलेली पोकळ नळी, कवटीत मधोमध सांधा, कवटीच्या मानाने अगदी छोटा मेंदू, चरबीने भरलेले निकामी फुप्फुस, हे सारे त्यातून पुढे आले. मादी जिवंत पिल्ले देते हे १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ठेवलेली मादी चिरली तेव्हा समजले. तिच्या पोटात पाच पिल्ले होती.

रंगाचे कोडे सुटायला मासा पाण्यातच पाहावा लागला. १९८७ मध्ये हान्स फ्रिके यांनी छोट्या पाणबुडीतून उतरून ग्रँड कोमोरच्या कड्यांपाशी जिवंत सीलाकान्थांचे चित्रण केले. निळ्या अंगावरचे पांढरे डाग प्रत्येक माशात वेगळे होते, त्यावरून एकेक मासा ओळखता येऊ लागला. गुहांच्या भिंतींवर चिकटलेल्या शिंपल्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांत असा मासा सहज मिसळून जातो. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या मनाडोच्या बाजारात हातगाडीवर आणखी एक सीलाकान्थ दिसला. तिथले कोळी त्याला ‘राजा लाउत’, समुद्राचा राजा, म्हणत. मार्क अर्डमन यांनी १९९८ मध्ये तो जिवंत पाहिला तेव्हा त्याचा रंग निळा नसून तपकिरी होता. बाह्य रचनेत फरक नगण्य होता. १९९९ मध्ये त्याला ‘लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस’ म्हणून वेगळी जात ठरवले ते मुख्यतः जनुकीय फरकावरून.

जनुकीय तपासणीने जुनी वर्णनेही पुन्हा उघडायला लावली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून निवडलेले चंदेरी पापलेट दीर्घकाळ ‘पॅम्पस आर्जेन्टियस’ समजले जाई. अलीकडच्या अभ्यासांत भारतीय किनाऱ्यावरचे पापलेट त्यापासून वेगळे ठरून क्युव्हिएच्या काळातले ‘कँडिडस’ हे नाव पुन्हा वापरात आले आहे. एका नावाचा अर्थ चंदेरी, दुसऱ्याचा लख्ख पांढरा. दोघांत फरक करताना मात्र कल्ल्यांवरचे दाते, मणके यांची मोजणी आणि जनुके पाहावी लागतात.

रंग टिपण्याचे साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आले. हवाईत काम करणारे जॉन रँडल यांनी १९६१ मध्ये एक साधी रीत मांडली. नुकत्याच मेलेल्या माशाचे पर टाचण्यांनी पसरायचे, त्यांवर फॉर्मेलिनचा हात फिरवून ते ताठ करायचे आणि रंग उतरण्याआधी छायाचित्र घ्यायचे. ते स्वतः पाण्यात उतरून मासे पकडत, त्यामुळे जिवंत रंगही त्यांच्या नोंदीत असे. त्यांनी आठशेहून अधिक नव्या जातींचे वर्णन केले, आणि प्रवाळावरच्या माशांच्या वर्णनात रंगाला जे वजन आज आहे ते बरेचसे त्यांच्या कामाने आले.

त्यांच्याच एका वर्णनाची पुढची गोष्ट मालदीवमध्ये घडली. १९८३ मध्ये रँडल आणि सहकाऱ्याने चागोस द्वीपसमूहातून ‘सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस’ ही जात वर्णिली. हाती एकच पिल्लू होते. मालदीवच्या खोल प्रवाळावर पुढे सापडलेले मोठे मासे त्याच जातीचे धरले गेले. या कुळात पिल्ले एकमेकांसारखी असतात आणि रंगाचा खरा फरक वयात आलेल्या नरांत दिसतो. चागोसचे पूर्ण वाढलेले मासे मिळाल्यावर तुलना झाली. नरांचे रंग, खवल्यांची संख्या आणि पाठपराच्या काट्यांची उंची जुळेना. मार्च २०२२ मध्ये मालदीवचा मासा नवी जात म्हणून प्रसिद्ध झाला. किरमिजी, नारिंगी-गुलाबी आणि गर्द जांभळट लाल अशा त्याच्या रंगांवरून त्याला ‘फिनिफेन्मा’ हे नाव दिले. दिवेही भाषेत याचा अर्थ गुलाब, मालदीवचे राष्ट्रीय फूल. वर्णन करणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवी संशोधक होते, आणि मालदीवच्या माशाचे असे वर्णन त्या देशातल्या शास्त्रज्ञाने प्रथमच केले होते. नाव मिळण्याआधीच हा मासा शोभेच्या माशांच्या व्यापारात विकला जात होता.